किंमत आणि खर्च

एखादा बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याने प्रथम खाली बसून, तो पुरा करावयास आपणापाशी पुरेसे आहे की नाही, ह्याचा हिशेब करावा, असा एक दृष्टांत येशू ख्रिस्ताने दिल्याचे लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात वर्णिले आहे. पाया घालून ज्याचे काम अपुरे राहते त्याला पाहणारे सर्व हसतात, हे त्यातील मर्म. दृष्टांत आध्यात्मिक अर्थाने दिलेला आहे, हे खरे. परंतु तो ज्या व्यवहारावर उभारला आहे तो व्यवहारही तितकाच खरा आहे. ह्या लेखात आम्ही त्या व्यवहाराविषयीच चार शब्द लिहिणार आहो. विद्यार्थ्यांनी तो वाचावा, आणि शक्य झाल्यास संध्याकाळी दिव्याशी बसून वडील माणसांस वाचून दाखवावा, अशी आमची इच्छा आहे.

विषय सुचला तो असा. आमच्या वर्गातील एक हुशार मुलगा सकाळच्या पहिल्याच तासास पेंगू लागे. आम्ही प्रथम रागावलो, मग विचारपूस केली. त्याच्या शेतावर वीज येई ती पाळीप्रमाणे, आणि रात्रीची पाळी आली म्हणजे बाप व मुलगा मध्यरात्री उठून उसाला पाणी पाजावयास जात. त्याचे वडील भेटले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, मोटर स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, पण पाणी मारायला दुप्पट वेळ लागतो." आम्ही मनाशी विचार केला की, ही मोटर खरोखरीच स्वस्त पडली काय? दुकानदारास दिलेले पैसे थोडे होते, हे उघड आहे. परंतु त्या पोराची झोप, त्याचा बुडालेला अभ्यास आणि काळोखात बांधावरून चालताना सर्पाचे भय, हे कोणत्या वहीत मांडले गेले?

वस्तू घेताना आपण मोजतो ती किंमत. ती वस्तू पदरी बाळगून, वापरून आणि अखेर टाकून देईपर्यंत जे जे द्यावे लागते तो खर्च. ह्या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. कारखानदार, रेल्वे व वीजमंडळे ज्यास एकूण खर्चाचा हिशेब म्हणतात, तो ह्याच अंतराचा हिशेब होय. त्याची मुख्य कलमे सहा आहेत : खरेदी व उभारणी, इंधन अथवा वीज, दुरुस्ती व सुटे भाग, वाहतूक, काम बंद पडल्यामुळे होणारे नुकसान, आणि गुंतविलेल्या पैशाचे व्याज. अखेरीस जुनी वस्तू मोडीत विकून जे येईल ते वजा करावे. सहाही कलमे वर्षावार मांडून बेरीज केली म्हणजे दोन वस्तूंपैकी स्वस्त कोणती व महाग कोणती हे कळते. दुकानात टांगलेल्या चिठ्ठीवरून ते कळत नाही.

हा धडा शिकावयास आपल्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. कुंडल गावाच्या शिवेलगत किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी बेळगावास लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल अशी भीती कित्येक शेतकऱ्यांस वाटली, आणि पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. लाकडी नांगर कमी पैशात होत असे, ह्यात संशय नाही. परंतु तो वारंवार झिजे, दुरुस्तीसाठी सुतारापुढे तिष्ठावे लागे, त्यास बलुते द्यावे लागे, आणि नांगरट मात्र उथळ होई. लोखंडी नांगराची किंमत जास्त, परंतु त्याची नांगरट खोल व आयुष्य मोठे. शेतकऱ्याने पुढे जो निर्णय घेतला तो कोणाच्या व्याख्यानामुळे नव्हे. शेजाऱ्याच्या शेतातील पीक पाहून त्याने आपल्या मनातच एकूण खर्चाचा हिशेब केला.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानात त्यांस जागा व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखान्याचा आरंभ झाला. माळ ओसाड होता, सावलीस झाड नव्हते, सर्प मात्र पुष्कळ होते. मग अशा जागी कारखाना घालण्यात शहाणपण ते काय? शहाणपण हे की, माळाशेजारीच मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचे कुंडल रोड स्टेशन होते. तेच आज किर्लोस्करवाडी ह्या नावाने ओळखले जाते. ओतकामास लागणारे कच्चे लोखंड व कोळसा ही जड व मूल्याच्या मानाने अवजड वस्तू. ती बैलगाडीने वीस कोस आणावयाची झाली तर फुकट मिळालेली जमीनही महाग पडावी. आणि आगगाडी दाराशी थांबत असेल तर ओसाड माळही स्वस्त पडावा. जागेची किंमत व जागेचा खर्च ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ह्या एका उदाहरणाने स्पष्ट होते.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या मोटरीकडे वळू. येथे थोडे गणित करावे लागेल. मुलांनी पेन्सिल घेऊन बसावे. एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी एक मीटर उंच उचलावयास ९,८१० ज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. उसास वर्षभरात जमिनीवर दोन मीटर उंचीचे पाणी द्यावयाचे असे धरल्यास एकरी सुमारे ८,१०० घनमीटर पाणी होते. ते ३० मीटर उंच उचलावयाचे असेल तर गुणाकार करून पाहा : सुमारे ६६२ युनिटे येतील. ही निसर्गाने ठरविलेली रक्कम होय. हिच्यात घासाघीस चालत नाही.

परंतु कोणतेही यंत्र घेतलेली सर्व ऊर्जा कामी लावीत नाही. मोटर तापते, पंपात पाणी घुसळले जाते, नळीच्या भिंतीशी घर्षण होते. चांगला व उंचीला योग्य असा निवडलेला संच शंभरातील ५५ भाग कामी लावतो असे समजू, आणि स्वस्तात घेतलेला, विहिरीच्या खोलीशी न जुळणारा संच ३५ भाग लावतो असे समजू. पहिल्यास एकरी सुमारे १,२०० युनिटे लागतील, दुसऱ्यास सुमारे १,९००. फरक ७०० युनिटांचा. दोन एकरांस १,४०० युनिटे. दर युनिटास ७ रुपये धरल्यास वर्षास ९,८०० रुपये. आणि दहा वर्षांत ९८,००० रुपये. चांगल्या संचास खरेदीच्या वेळी १२,००० रुपये अधिक पडले असे मानले, तरी ते सव्वा वर्षात फिटतात, आणि उरलेली पावणेनऊ वर्षे स्वस्त मोटर आपल्या धन्याकडून दंड वसूल करीत राहते.

कोणी म्हणेल, दहा वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाबरोबर कसा धरता? ही शंका योग्य आहे. आज शंभर रुपये द. सा. द. शे. १० प्रमाणे चक्रवाढीने ठेवले तर दहा वर्षांत सुमारे २५९ होतात. तेव्हा दहा वर्षांनी मिळणाऱ्या २५९ रुपयांचे आजचे मोल शंभरच. ह्या रीतीने दरवर्षीचे ९,८०० रुपये आजच्या मोलात आणून बेरीज केली तर ९८,००० च्या जागी सुमारे ६०,००० रुपये येतात. रक्कम घटली खरी. तथापि १२,००० च्या पाचपट आहेच. व्याज हे कलम विसरणारा मनुष्य दूरच्या लाभास भुलतो. आणि केवळ आजचाच रुपया पाहणारा जवळच्या लाभास भुलतो. हिशेब दोघांसही ताळ्यावर आणतो.

नळीचीही गोष्ट अशीच आहे. तेवढेच पाणी अरुंद नळीतून न्यावयाचे तर वेग वाढतो व घर्षणाचा तोटा झपाट्याने वाढतो. तो व्यासाच्या सुमारे पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात असतो. म्हणून चार इंची नळीच्या जागी तीन इंची घातली तर तोटा सव्वाचारपट होतो. नळीत वाचविलेले चार पैसे वर्षानुवर्षे विजेच्या रूपाने वाहून जातात. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच थेंबे थेंबे ते आटतेही.

येथे एक समंजस पालक आम्हांस अडवतील. ते म्हणतील, "गुरुजी, एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना शासनाने वीज मोफत केली आहे. मग आम्ही युनिटे कशाला मोजावी?" आमचे उत्तर दोन प्रकारचे आहे. पहिले असे की, शेतकऱ्याच्या बिलावर शून्य आले म्हणून वीज फुकट तयार झाली असे नव्हे. कोळसा खणावा लागतो, आगगाडीने वाहावा लागतो, जाळावा लागतो. त्याचे मोल सरकारी खजिना देतो, आणि खजिना आपणा सर्वांचा आहे. खर्च नाहीसा झाला नाही. त्याने फक्त खिसा बदलला. दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. वीज फुकट असली तरी ती ठराविक तासच येते. साडेचार किलोवॅट वीज घेणारे दोन संच घ्या. तीस मीटर उंचीवर चांगला संच आठ तासांत सुमारे २,४२,००० लिटर पाणी देईल; निकृष्ट संच सुमारे १,५४,००० लिटर. बिल दोघांचेही शून्य. परंतु एकाचे रान भिजून झाले, आणि दुसऱ्याच्या पोराला आणखी एक रात्र जागावयाची आहे. पैशाचे कलम पुसले गेले तेव्हा वेळेचे कलम वर आले. ह्यासाठीच एकूण खर्चाचा हिशेब केवळ रुपयांत मांडून भागत नाही.

डिझेल एंजिनाचे व सूर्यशक्तीच्या पंपाचे उदाहरण ह्याच न्यायाने पाहावे. एक लिटर डिझेलात सुमारे दहा युनिटांइतकी उष्णता असते, पण लहान एंजिन त्यातील चौथा हिस्सा ते फार तर तिसरा हिस्सा कामात आणते. लिटरास नव्वद रुपये धरल्यास एका युनिटाइतके काम सुमारे सत्तावीस ते छत्तीस रुपयांस पडते. एंजिन स्वस्त, पण त्याचे पोट मोठे. सूर्यशक्तीचा पंप ह्याच्या उलट : आरंभीची किंमत भारी, परंतु इंधन काही नाही. शासनाच्या सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास दहा टक्के, व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. त्याचे गुण दोन : तो दिवसा चालतो, आणि रात्रीचा जागर वाचवतो. त्याची उणीव ही की, ढगाळ दिवशी तो मंदावतो, काचेवरील धूळ पुसावी लागते, आणि बिघाड झाल्यास जाणता कारागीर जवळ असावा लागतो. जवळ कारागीर आहे की नाही, हे कलम कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते. ते ज्याचे त्याने चौकशी करून लिहावे.

आता वाहतुकीकडे पाहू. कुंडल येथे क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड ह्यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. गळिताच्या दिवसांत रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग लागते, ती आमचे विद्यार्थी मोठ्या कौतुकाने पाहतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऊस तोडला की त्याचे वजन व त्यातील साखर दिवसेंदिवस घटू लागते. म्हणून वाहतुकीचा खर्च म्हणजे केवळ ट्रॅक्टरचे डिझेल व चालकाचा पगार नव्हे. वाटेत आणि कारखान्याच्या आवारात तिष्ठण्यात गेलेली साखर हाही वाहतुकीचाच खर्च होय. बैलगाडीस डिझेल लागत नाही, पण बैलांस काम असो वा नसो रोज वैरण लागते, आणि मजल थोडी. ट्रॅक्टर लांबचा पल्ला मारतो, पण रिकामा परत येताना निम्मी वाट फुकट चालतो. जवळच्या उसास बैलगाडी व दूरच्या उसास ट्रॅक्टर, अशी वाटणी जेथे दिसते तेथे कोणी तरी हा हिशेब, कळत वा नकळत, केलेला असतो.

ऊसतोडणी व वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो कारखान्याच्या सरासरीने वजा करण्याची रीत आहे. त्यामुळे दूरवरून ऊस आणला तर त्याचा भार जवळच्या शेतकऱ्यावरही पडतो. सहकारात असे ओझे वाटून घेणे कधी योग्यही असेल. परंतु वाटून घेणाऱ्यास ते ओझे आहे हे ठाऊक असले पाहिजे. तसेच, रस निघाल्यावर उरणारा चोथा, ज्याला बगॅस म्हणतात, तो उसाच्या वजनाच्या जवळजवळ तीन-दशांश भरतो. पूर्वी तो केवळ बॉयलरात जाळीत. आता कित्येक कारखाने त्याच बॉयलरांतून वीज निर्माण करून विकतातही. ज्याची विल्हेवाट हा एके काळी खर्च होता, तो जमेच्या बाजूस गेला. हिशेबात टाकाऊ म्हणून कोणतीही वस्तू विचार न करता टाकू नये, हा ह्यातील बोध.

एकूण खर्च न पाहिल्याने केवळ घरे नव्हे, तर मोठमोठ्या योजनाही अडचणीत येतात. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागास देण्यासाठी ताकारी, म्हैसाळ व टेंभू ह्या उपसा सिंचन योजना आपल्या जिल्ह्यात व शेजारी उभ्या राहिल्या. त्यांच्यामुळे कोरड्या माळांवर हिरवी शेते दिसू लागली, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. परंतु कालवा उताराने वाहतो तेव्हा पाणी आपल्या पायांनी चालते; उपसा योजनेत मात्र पाण्याचा प्रत्येक थेंब विजेच्या खांद्यावर बसून चढतो. पाणी शंभर मीटर चढवावयाचे तर निसर्गाचा हिशेबच दर घनमीटरास पाव युनिटाहून थोडा अधिक येतो, आणि यंत्रांचा तोटा धरल्यास तो आणखी वाढतो. योजना बांधण्याच्या खर्चाची चर्चा पुष्कळ झाली. ती चालविण्याच्या खर्चाची चर्चा मागाहून झाली. वीजबिलांची थकबाकी साचली, पंप बंद पडण्याचे प्रसंग आले, उभी पिके वाट पाहत राहिली. पुढे बिलाचे ८१ टक्के शासनाने व १९ टक्के लाभधारक शेतकऱ्यांनी द्यावे असे सूत्र ठरले. बुरूज पुरा झाला होता. पण त्यातील दिवा रोज पेटविण्यास तेल कोणी घालावयाचे, हे आधी ठरले नव्हते.

आणखी एक कलम आहे, ते सर्वांत गुपचूप वाढते. पाणी विपुल व फुकट भासू लागले की ते अधिक दिले जाते. निचरा न होता ते जमिनीत साचते, खालचे क्षार वर येतात, आणि मळीची काळी जमीन पांढरी पडून नापीक होते. कृष्णाकाठी अशा क्षारपड झालेल्या जमिनी विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या असतील. पाहिल्या नसतील तर वडिलांना विचारून एकदा पाहाव्या. त्या पाण्याचे बिल आजोबांनी भरले नाही, बापाने भरले नाही. ते नातवाच्या नावे लिहून ठेवले गेले. ठिबक सिंचनाच्या संचाची किंमत पाहून जे मागे सरतात, त्यांनी हे कलम जमेस धरून पुन्हा एकदा बेरीज करावी.

ह्या हिशेबास मर्यादाही आहेत, त्या लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही वर घेतलेले आकडे उदाहरणादाखल आहेत. विजेचा दर बदलेल, पाऊस बदलेल, यंत्र अपेक्षेपूर्वी मोडेल. म्हणून प्रत्येक हिशेब तीनदा करावा : एकदा सर्व काही सुरळीत होईल असे धरून, एकदा मध्यम, आणि एकदा सर्व काही बिघडेल असे धरून. तिन्ही वेळा एकच वस्तू स्वस्त ठरली तर निर्णय पक्का. न ठरली तर घाई करू नये. शिवाय गरिबाची एक अडचण खरी आहे : अधिक चांगली वस्तू अखेरीस स्वस्त पडते हे त्यास कळते, पण आज हातात तेवढे पैसेच नसतात. त्यास मूर्ख म्हणणे हा अन्याय आहे. त्याला हवे ते व्याख्यान नव्हे. माफक व्याजाचे कर्ज, किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून घेतलेला एक चांगला संच. पंतप्रतिनिधींनी दिलेल्या दहा हजारांवाचून माळावरचा कारखाना तरी कसा उभा राहता?

त्या विद्यार्थ्याच्या घरी आम्ही एका रविवारी उपासनेनंतर गेलो. मुलगा, त्याचे वडील व आम्ही असे तिघे ओसरीवर बसलो. मुलाने वहीत दोन रकाने पाडले आणि वरील सहा कलमे लिहिली. मग त्याने आपण होऊन खाली सातवे कलम लिहिले : "रात्री." गेल्या वर्षी किती रात्री जागलो, हे तो बोटांवर मोजू लागला. वडील बराच वेळ त्या वहीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "हे मी कधी मांडलंच नव्हतं." त्यांनी शेजारच्या दोघांशी बोलून विहिरीची खोली मोजविली, आणि उंचीस जुळणारा संच तिघांच्या भागीत घेतला. आता रात्रीची पाळी आली तर तिघे आळीपाळीने जातात. मुलगा पहिल्या तासास जागा असतो.

विद्यार्थीहो, पुढे तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी कारखान्याचा चिटणीस, कोणी पंचायतीचा सभासद, आणि बहुतेक आपल्या शेताचे व घराचे कारभारी होतील. तुमच्यापुढे स्वस्त म्हणून पुष्कळ वस्तू मांडल्या जातील. त्या वेळी क्षणभर खाली बसा, वही उघडा, आणि किंमतीच्या शेजारी खर्चाचा रकाना पाडा. तो रकाना भरताना असे विचारा की, हे ओझे माझ्यावाचून आणखी कोणावर पडते आहे? शेजाऱ्यावर, गड्यावर, जनावरावर, जमिनीवर, की अद्याप जन्मास न आलेल्या लेकरावर? जो मनुष्य दुसऱ्याच्या माथी पडणारा खर्चही आपल्या वहीत लिहितो, त्याचा हिशेब माणसांपुढे आणि देवापुढे सारखाच उतरेल, असा आमचा विश्वास आहे.